बाक

सगुण आगरवाडेकर मुलांच्या बाकावर बसला,
गुडघे छातीशी घेऊन.
पोटऱ्यांवर मिठाची पांढरी रेघ,
सकाळी जिथवर पाणी होतं तिथवर.
"सर, पोरांना तुम्ही सांगता, पृथ्वी गोल.
माझ्या आगरात या. दाखवा मला बाक."

मला हसू आलं, ते मी खडूच्या डब्यात ठेवलं.

त्याचं आगर मी पाहिलं आहे.
शापोऱ्याचं खारं पाणी मानशीतून आत येतं,
एका कोंडीतून दुसरीत, ऊन पीत पीत,
आणि तिसरीत थांबतं.
त्याआधी महिनाभर तो आणि सुलभा
चिखल तुडवतात,
टाच, चवडा, टाच,
मग फळीनं थापटतात, पुन्हा थापटतात.
बोटभर उतार राहिला
तर एका कोपऱ्यात मीठ
आणि दुसऱ्यात नुसता गढूळ घाम.
चाळीस वर्षं तो पाण्याला विचारून
जमीन ठरवतो आहे.

खोटं बोलतात ते कागद.
कचेरीतले आले,
जीपच्या नाकाडावर नकाशा पसरला.
आगरावर पिवळा रंग.
"इथे मीठ नाही, वस्ती आहे," म्हणाले,
तेव्हा त्यांच्या बुटांना मीठच लागलं होतं.
बांधाला काही होणार नाही, हेही तेच म्हणाले.
पुढच्या जूनमध्ये बांध गेला.
आता तसलेच बूट घातलेले लोक सांगतात
की जमीन चेंडूसारखी आहे.

भाच्याच्या मोबाइलवर
कुणी परका माणूस तळ्याकाठी
पाणसळ धरून उभा होता.
भाषा कळली नाही.
पाणसळीतला बुडबुडा कळला.
मधोमध. हलत नव्हता.

मी जहाज काढलं. वर्गात नेहमी काढतो.
दूर जाताना आधी तळ दिसेनासा होतो,
मग मधले मजले, मग धुरांडं...
तो उठला.
"बुडतं म्हणू नका."
मी तसं म्हटलं नव्हतं.
म्हटलंही असेन.

उल्हासचं जहाज त्यानं
मुरगावच्या टेकडीवरून पाहिलं होतं.
"लहान झालं, सर. लहानच होत गेलं.
शिंपल्याएवढं, मग खड्याएवढं, मग कण.
माझे डोळे कमी पडले.
जहाज होतंच तिथं.
बरी दुर्बीण असती तर आजून दिसलं असतं."
उल्हास तिथे बटाटे सोलतो,
दोन हजार माणसांचे.
चवथीला फोन आला होता.
आता शिगमो जवळ आला.

उत्तर पुस्तकात होतं, पान सदतीस.
मी ते उघडलं नाही.
मलाही पृथ्वी कुणी दाखवली नव्हती,
गुरुजींनी मोसंबं दाखवलं होतं.
मी मोसंब्यावर विश्वास ठेवला,
आणि तास संपल्यावर आम्ही ते वाटून खाल्लं.

कपाटावर पृथ्वीचा गोल आहे,
एकदा पडून दक्षिणेला चेपलेला.
तो म्हणाला, "यात हॅम्बुर्ग खंय?"
मी दाखवलं.
"आणि आमी?"
मी तेही दाखवलं,
नखाखाली मावलो सगळे.
"मोजा."

शिवणाच्या पेटीतला दोरा घेतला,
इथून तिथवर टेकवत नेला,
डोंगरांवरून, वाळवंटावरून.
अर्धी वीत.
दोरा गोलाला धरून वाकला होता.
मला वाटलं, आता तो बघेल.

त्यानं दोरा काढून घेतला.
दोन्ही मुठींत धरून, खिडकीच्या उजेडासमोर,
ताणला.
सरळ.
"इतलेंच मरे," तो म्हणाला,
आणि दोरा खिशात ठेवला, विड्यांच्या बंडलापाशी.

दारातून बाहेर पडताना
त्याच्या पाठीचा बाक दिसला.
त्याबद्दल मी काही बोललो नाही.

बाकाच्या फळीवर मिठाचे दोन डाग राहिले.
मधली सुट्टी संपली, चौथीची मुलं आली.
एकानं बोट लावलं,
चाखलं,
आणि शेजारच्याला सरकून जागा दिली.