रुमालाखाली

जपानचा मूकपट होता. राजवाडा चौकाजवळचा हॉल,
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, पंखा किरकिरणारा,
आणि चित्राबाहेरून एक माणूस बोलत होता.

आधी कुणीतरी उठून माहिती दिली होती:
तिकडं पडद्याशेजारी असा माणूस उभा राहायचा.
बाईचं तोच बोलायचा, म्हाताऱ्याचं तोच,
लोक नटासाठी नाही, त्याच्यासाठी तिकीट काढायचे.
मग बोलपट आले. त्यांनी संप केला.
पुढं काय झालं ते न सांगता
त्या गृहस्थांनी दिवे मालवले.

मला जपानी येत नाही.
पण तलवार उपसायच्या आधी
तो माणूस जरा खाकरला
आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

अण्णा असेच खाकरायचे म्हणे.
आदगोंडा सांगणारा. तासगाव, पलूस, भिलवडी,
तंबू जाईल तिथं ते, हातात वेताची छडी.
राक्षस आला की छडी पत्र्यावर,
राणी रडली की आवाज इतका खाली
की मागची माणसं सरकत पुढं यायची.
एकदा रीळ उलटं लागलं,
मेलेला स्वार उठून घोड्यावर बसला.
अण्णा म्हणाले, "बायकोची पुण्याई बघा!"
तंबूचे खुंटे हलले टाळ्यांनी.

यातलं मी काहीच पाहिलं नाही. आई सांगायची,
भाकरी थापताना, तेही हळू,
ते ओसरीवर असले तर.

मी जन्मले तोवर ते हळदपेठेत होते.
तिथं भाव बोलायचा नसतो.
दोन हात, वर एक रुमाल,
आत बोटांनी बोटांना सांगायचं.
तीस वर्षं.
पिवळी नखं घेऊन घरी यायचे,
मीठ हवं असलं तरी
बरणीकडं बोट.

मला एकदा मुदतीचा ताप होता.
रात्री त्यांनी माझा हात घेतला, वर रुमाल टाकला
आणि आतून बोटं दाबत राहिले:
दोन, मग चार, मग सगळी,
थांबून पुन्हा एक.
मला वाटलं, कुणाशीतरी सौदा चाललाय,
आणि समोरचा ऐकत नाहीये.

दिवे लागले.
शेजारच्या बाई म्हणाल्या,
"एक अक्षर कळलं नाही हो. तुम्हाला?"
पदराखाली
मी अजून बोटं मोजत होते.