ठण्

सुपडू मिस्त्रीचं दुकान म्हणजे
चिनावलच्या बसस्टँडमागे एक खोली, वर गच्ची,
तीन पंपांपैकी चालू एक,
आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेली मापं :
आरे, छर्रे, कुणाच्या तरी पाळण्याची कडी.

चैत्रात वच्छलाने बिबडे घातले.
चार दिवस भिजलेली ज्वारी,
पहाटे तीनला चूल,
ओल्या धोतरावर हाताने थापलेले शंभर-सव्वाशे.
मग कावळे.

"दिसभर काठी घेईसन मीच बसू का?"

त्याने उत्तर दिलं नाही.
टोपी काढली, डोकं खाजवलं, खाली गेला.

वर आला तो
तुपाचा रिकामा डबा उभा कापून,
त्याच्या पोटातून पायडलचा आस घालून,
मागच्या टोकाला
जोडी हरवलेलं पावशेराचं वजन बांधून.
तिवईवर माठ, बुडाला सुईएवढं भोक,
भोकात सुताची वात.

थेंब.
थेंब.
डबा भरत जातो, जड होतो,
मग एका थेंबाचं निमित्त.
तोंड खाली, पाणी सांडतं,
शेपूट परत येऊन आदळतं
सायकलच्या जुन्या घंटीवर :
ठण्.

सात मिनिटं. भिंतीवर लिहिलं : ७.
ना वीज, ना पोर, ना काठी.

पहिल्या दिवशी सगळे कावळे उडाले.
दुसऱ्या दिवशी अर्धे.
गल्लीला मात्र सवय लागली :
शेजारची लीलाबाई तीन ठणांवर डाळ उतरवायची,
तिचा नातू दोन ठणांत पाढे संपवायचा,
सतरा-एकोणीस गिळून.

तिसऱ्या दिवशी, सेहेचाळीस डिग्रीत,
वच्छला जिन्याच्या सावलीतून बघते तर
कठड्यावर अकरा कावळे, चोची उघड्या,
रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.
ठण् झालं की कुणीच उडत नाही.
खाली उतरतात, सांडलेलं पितात,
पुन्हा आपापल्या जागेवर.
बिबड्यांकडे एकाचंही लक्ष नाही.

"ओ, पाहा बरं,
तुमच्या घंटीले कावये भेतच नही."

तो वर आला. उन्हात उभा राहिला.
पूर्ण सात मिनिटं पाहिलं.
बिबडे मोजले : सगळे जागच्या जागी,
कडा वळलेल्या, बोट लावलं की वाजणारे.

खाली पंक्चरवालं गिऱ्हाईक विचारत होतं,
चाललं का भो तुझं यंत्र?
"चाललं," तो म्हणाला.
ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला,
त्यावर पेन्सिलीने गोल केला.
बऱ्याच वेळाने :
"मीच चुकलो व्हतो."

संध्याकाळी आऱ्याचं टोक घासून
माठाचं भोक जरा रुंद केलं.
सांडल्या जागी एक फुटकी परात ठेवली.
भिंतीवरचा ७ पुसला नाही,
त्यावर रेघ ओढली,
शेजारी लिहिलं : ४.

वच्छलाला एवढंच सांगितलं,
"उद्यापासून माठ दोनदा भरजो."