पस्तीस मिनिटं

सिग्ने टायमर लावते. अंड्याच्या आकाराचा, पिवळा,
एका बाजूने वितळलेला, कधीतरी शेगडीजवळ राहिला होता.
"आता," म्हणते, आणि स्वतःची पेन्सिल
माझ्याकडे सरकवते. शेंडा चावलेला.

डुलुथमध्ये जानेवारी. तळ्यावरचा वारा
थेट आमच्याच गल्लीत शिरतो,
कुणी पत्ता देऊन ठेवल्यासारखा.

पुस्तक लायब्ररीचं. आधीच्या कुणीतरी
उत्तरांवर गोल केलेत, मग खोडलेत, पण पुरते नाहीत.
बरेचसे चुकलेले. पान एकशे बारानंतर काहीच नाही.
त्याला प्रवेश मिळाला, की एका रात्री
त्याने पुस्तक मिटून दूध तापवलं,
कळायला मार्ग नाही.

प्रश्न अकरावा.
खालीलपैकी कोणतं विधान, खरं मानल्यास,
वरील युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करील?

मी त्रेचाळीस वर्षांची आहे.
घराचे हप्ते अजून नऊ वर्षं.
अँडर्सचे पुढचे दात आत्ता कुठे पडतायत,
आणि वर्ग संध्याकाळी, सेंट पॉलला, अडीच तासांवर.
लेलंड बर्फ काढायची गाडी चालवतो, म्हणजे
ज्या रात्री रस्ते बंद, त्या रात्री तोही घरात नसणार.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
आणि मी फी भरून चढायला निघालेय.

"आई, तू वाचत नाहीयेस. तू बघतेयस नुसती."

सतरा वर्षं विम्याचे दावे तपासले मी.
भाषा मला येत नाही असं नाही.
'सदर नुकसान हळूहळू झालेल्या झिजेमुळे असल्याने'
हे मी झोपेतही टाइप करू शकते.
'खेद आहे' हे तर साच्यातच होतं,
नाव तेवढं बदलायचं.

ऑर्विल टॉरविक, क्लोके. गॅरेजचं छत,
एकतीस इंच बर्फ, आत बायकोची गाडी,
बायको वारल्यापासून न हलवलेली.
तुळया आधीच कुजलेल्या होत्या. फोटोत दिसत होतं.
मी कलम दाखवलं. कलम बरोबर होतं.
तीन आठवड्यांनी त्याचं कार्ड आलं, साधं, गॅस कंपनीचं कॅलेंडर कापून केलेलं:
तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.
छत अजून खालीच आहे.

त्या पत्राला उत्तर द्यायचा साचा नव्हता.
मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, स्टेपलच्या पिनांखाली,
आणि नोकरी सोडताना पिना तिथेच ठेवल्या.

अर्जासोबत दोन पानी निबंध द्यायचा असतो. कायदाच का?
पहिल्या खर्ड्यात लिहिलं, लहानपणापासून न्यायाची ओढ.
सिग्ने अकरा वर्षांची आहे. तिने वाचून परत दिलं.
"तुला तर घोड्यांची डॉक्टर व्हायचं होतं.
आजी सांगते."
दुसरा खर्डा मीच फाडला.
तिसऱ्यात फक्त गॅरेज आहे. मोजमापं, तारीख, तुळया,
मी काय लिहिलं, त्याने काय लिहिलं.
शेवट नाही अजून. सव्वा पान रिकामं.

या घरात आता कुणी सरळ भांडत नाही.
काल सिग्ने म्हणाली, "झोपायची वेळ झाली, हे तुझं गृहीतक आहे."
लेलंड इतका हसला की सूप सांडलं.
मी हसले नाही. ती बरोबर होती,
आणि पावणेदहा वाजले होते.

त्याची गाडी आत्ता खालून जातेय.
नारिंगी दिवा स्वयंपाकघराच्या भिंतीवरून फिरतो,
फ्रिजवरून, अँडर्सने काढलेल्या रेल्वे इंजिनावरून,
माझ्या कागदावरून.
दर वेळी आमच्या दाराशी तो पातं जरा उचलतो,
ढीग शेजाऱ्यांच्या दारात पडावा म्हणून. हे नियमबाह्य आहे.
मी त्याला सांगितलेलं नाही की मला माहीत आहे.

टायमर वाजायला चाळीस सेकंद. चार प्रश्न उरलेत.
"भर काहीतरी," सिग्ने कुजबुजते, जणू कुणी ऐकेल,
"चुकलं तर गुण कापत नाहीत."

मी पुन्हा विचारते, खरंच? नक्की?
ती मान डोलावते.
मी चारही ठिकाणी ड भरते,
ऑर्विलच्या गावाकडे तोंड करून बसलेली,
पेन्सिल दाबून, खोडता येणार नाही इतकी.