उताराची वही

मोंतेच्या चर्चच्या पायऱ्यांखाली
बाबा वेताची घसरगाडी दोरीला धरून उभा असतो.
पांढरे कपडे, गवती टोपी,
आणि जुन्या टायरचे तळवे ठोकलेले बूट.
गाडीला चाकं नाहीत, इंजिन नाही.
ब्रेक म्हणजे डावीकडे बाबा
आणि उजवीकडे झेफेरीनो.

शुक्रवारी माझी परीक्षा.
म्हणून पहाटेच्या पहिल्या, रिकाम्या फेरीत
मला बसवलं त्यांनी, मांडीवर वही, मुठीत घड्याळ.
बाबाने लाकडी पट्ट्यांवरून चरबीची चिंधी फिरवली,
झेफेरीनो खोकला,
आणि रस्ता खाली जायला लागला.

लिव्रामेंतूपर्यंत दोन हजार मीटर, पाचशे सेकंद.
मी भागाकार केला: सेकंदाला चार मीटर.
बाबा टोपीने वारा घेत म्हणाला,
"चारने? चारने कुठे गेलो आपण?
बेकरीपुढे दहाने गेलो,
वळणावर दोनने,
मांजर आडवं आलं तेव्हा तर शून्याने.
हे तुझं चार
कुठल्या दारात राहतं?"

मी खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं: सरासरी.
घराण्यात एखादा मामा असतो,
ज्याला कुणीच पाहिलेलं नसतं
पण सगळे त्याचं नाव घेतात, तसं.

शाळेच्या लांब भिंतीजवळ मात्र एक तुकडा आहे.
तिथे उतार ओढतो तेवढंच दगड अडवतात,
देणंघेणं फिटतं,
आणि गाडी एकाच चालीने जात राहते.
मी डोळे मिटले तिथे.
वेताची करकर सोडली
तर घरात खुर्चीवर बसल्यासारखं.
वेग अंगाला कळतच नाही.

मग वळण.
चाल तीच, मी मोजली,
पण पोट सरळ गेलं
आणि मी उजवीकडे.
दिशा बदलली की तेही त्वरण,
पुस्तकात हे बाणांनी दाखवतात.
बाबाने डावा पाय दगडावर रोवला,
रबर जळल्याचा वास आला,
तोही एक बाण, उलट्या तोंडाचा.

संध्याकाळी ट्रक सगळ्यांना परत वर आणून सोडतो.
सकाळी जिथे होता तिथेच बाबा,
दिवसभराचं विस्थापन शून्य.
हे मी त्याला सांगितलं
आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं.
तो म्हणाला, "मालकाला सांगू नकोस हं,
पैसे कापेल."

रात्री आई बूट उलटे करते.
लुदोविना, माझी आई, जिला अपूर्णांक येत नाहीत,
अंगठा फिरवते तळव्यावरून:
टाचेला एवढं, चवड्याला एवढं,
म्हणजे आज पाऊस नव्हता,
म्हणजे आज जाड माणसं बसली होती.
त्या रात्री अंगठा थांबला.
डावा तळवा पार कापडापर्यंत गेलेला.
"बेलार्मिनो," ती म्हणाली,
"झेफेरीनो पाय टेकत नाही का रे हल्ली?"

बाबा सूप पीत राहिला.
मग म्हणाला, गुडघा गेलाय त्याचा, ईस्टरपासून.
दोरी धरतो, ओरडतो, टोपी उडवतो,
प्रवाशांना काही कळत नाही.
अजून दोन वर्षं काढली की पेन्शन.

आईने काही न बोलता
टायरचा नवा तुकडा कापायला घेतला.
जाड बाजूचा.

शुक्रवारी तिसरा प्रश्न:
उतारावरून समान वेगाने घसरणाऱ्या वस्तूवरील
सर्व बले आकृतीत दाखवा.
मी वजन खाली काढलं, आधाराचं बल दगडातून वर,
आणि घर्षणाचा बाण उताराच्या उलट.
पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली.
घर्षणाचे दोन बाण केले,
डावा लांब,
उजवा जेमतेम टिंबाएवढा.

अर्धा गुण कापला त्यांनी.
समासात लाल शाईत लिहिलं होतं:
दोन का?