डेल्मर हॅचर एकच घेतो

पहाटे साडेचारला मी दुकानाची कडी काढते
तेव्हा बोटी ट्रेलरवर बसून रांगेत असतात,
जणू कॉफी त्यांनाच हवी आहे.

टेनेसीतल्या या तलावावर मासे कमी, मतं फार.
पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: आज काय चालतंय?
मी धक्क्याशी जाऊन वाकून पाणी बघते नि सांगते:
गढूळ आहे. काळं घ्या, नाहीतर डोळ्यात खुपेल असं पिवळं,
ज्याची पाती फिरेल, ज्याचा खुळखुळा वाजेल.
नितळ असेल त्या दिवशी
हिरव्या भोपळ्याच्या सालीच्या रंगाची रबरी अळी,
गळाचं टोक तिच्याच अंगात लपवलेलं,
दोरी बारीक, हात सावकाश.
संपलं शास्त्र.
भिंतीवरचे उरलेले दोनशे खिळे
बँकेच्या हप्त्यासाठी आहेत.

नॅशव्हिलचा एक दंतवैद्य दर एप्रिलला येतो.
एकशे साठ डॉलरचा माल नेतो:
जपानी क्रँकबेट, डोळे खऱ्या माशाहून खरे,
आणि एक पोकळ बेडूक, शेवाळावरून उड्या मारणारा,
ज्याचं बारसं त्याच्या मुलीनं केलंय.
संध्याकाळी रिळात घरटं घेऊन परततो.
मी सुईनं एकेक वेढा सोडवते,
तो माझ्या दातांकडे बघत उभा राहतो.

डेल्मर सगळे पांगल्यावर येतो. दर शनिवारी.
वय त्र्याऐंशी, टोपी त्याहून जुनी.
जिग घेतो. अर्धा औंस, काळा-निळा झगा,
गळापुढे दातघाशीसारखे ताठ केस,
झाडीत अडकू नये म्हणून.
दोन ने, मी म्हणते, एक तुटला तर?
तो सुटे पैसे मोजत म्हणतो,
कुठे अडकतं ते मला ठाऊक आहे.

ठाऊक असणारच.
धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
बाकीच्यांना सोनारच्या पडद्यावर उंचवटा दिसतो,
तो म्हणतो, हॉब्सनबाईंच्या धुराड्याचं जोतं.
बारा फुटांवर पोस्टाची पायरी.
अठरा फुटांवर गावात शिरणारा रस्ता,
कडेला सीडरचे खांब, अजून ताठ.
तिथे जिग ओढायचा नाही, म्हणतो,
उचलायचा, खांबाला टेकवायचा, पडू द्यायचा,
आतलं माणूस दचकू नये अशी कडी वाजवतात तसा.

त्याचा बाप मरेपर्यंत सरकारला पाण्यात पाहत राहिला.
डेल्मरला पाण्यात बाकीचं सगळं दिसतं.

गेल्या मार्चात त्याचा खांदा धरला, म्हणून मी बोट चालवली.
गाठ मीच मारली.
थुंकी लाव, तो म्हणाला, कोरडी गाठ स्वतःला जाळते.
रस्त्यावर दोन बास लागले, एक चांगला पाच पौंडांचा,
त्यानं तोंडात बोट घालून वर धरला, वजन केलं नाही,
सोडून दिला.
मग म्हणाला, डावीकडे. अजून. थांब.
त्या जागी मला तर पडद्यावर काहीच दिसेना.
दुखऱ्या हातानंच त्यानं जिग खाली सोडला,
आणि तो अडकला.

मी बोट पलीकडून घ्यायला निघाले,
उलट्या बाजूनं ओढलं की निघतो, हे शेंबडं पोरही सांगेल.
राहू दे, तो म्हणाला.
दोरी बाहीवर दोनदा गुंडाळली,
हिसका दिला,
आणि मोकळं टोक रिळात गोळा करत बसला.

खाली काय आहे, मी विचारलं नाही.
परतताना मनात हिशोब केला, अकरा वर्षांचे शनिवार,
पाचशेच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं.

या एप्रिलला दंतवैद्यानं तोच खिळा दाखवला,
हा काळा-निळा शेवटचा दिसतोय, चालतो का?
मी जिग काढून गल्ल्यात टाकला.
विकला गेलाय, म्हटलं.
शुक्रवार होता.