कुठला हात?

पहाटे साडेपाचला गव्हाणपाड्यात
पहिली बेल दाबते मी.
उपाशीपोटीचं रक्त नऊपर्यंतच द्यायला तयार असतात लोक,
नंतर त्यांना चहा लागतो.
वेळ तुमच्या सोयीची, असं करारात लिहिलंय.
माझी सोय
मुलुंडभरच्या पोटांनी ठरवलीय.

करार फोनवर आला होता, बावीस पानं.
अंगठ्याने सरकवत गेले, गॅसवर दूध होतं.
शेवटी एक चौकोन : मी स्वेच्छेने.
टिचकी मारली
तेव्हा दूध उतू गेलं होतं की जायचं होतं,
आता आठवत नाही.

सासरे गोदीत होते.
त्यांच्या लग्नाच्या बोलणीत म्हणे मध्यस्थाने
नावाच्याही आधी सांगितलं होतं,
मुलगा पर्मनंट आहे.
ते विचारतात, तुझा साहेब कोण गं?
मी फोन दाखवते.
ते चष्मा पुसून पुन्हा बघतात.

खोटं कशाला बोलू,
हॉस्पिटलात होते तेव्हा
ओवीच्या नाचासाठी सुट्टी मागितली तर
मेट्रनने ड्युटीचा तक्ता भिंतीवरून काढून
माझ्या हातात दिला होता,
घे, तूच बसव.
इथे त्या गुरुवारी मी नुसतं बटण बंद केलं
आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.
कुणी काही बोललं नाही.
पुढचा आठवडाभरही कुणी काही बोललं नाही.
दिवसाला दोन घरं, कधी एक,
आणि फोन असा गप्प
की मी दोनदा चार्जर बदलून पाहिला.

ट्रेनिंगला निमिष म्हणाला होता,
मॅडम, तुम्ही कामगार नाही आता, पार्टनर.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
पेट्रोल पार्टनरचं, हातमोजे पार्टनरचे,
नळी फुटली तर तीही पार्टनरची.
रक्त पेशंटचं.
उरलेलं सगळं कंपनीचं.

मिठागर रोडच्या टिपणीस आजी
महिन्यातून एकदा साखर तपासतात.
पट्टा उलगडत मी विचारते,
कुठला हात, आजी?
त्या डावा पुढे करतात, मागे घेतात,
उजव्याची शीर स्वतःच चाचपतात,
परवा इथेच काळंनिळं झालं होतं म्हणतात,
पुन्हा डावा.
मी घाई करत नाही.
तेवढं तरी माणसाला विचारावं.

सुई आत जाते, नळी भरू लागते
आणि खिशात फोन थरथरतो,
स्वीकारा किंवा नाकारा,
पंधरा सेकंद.

माझे दोन्ही हात अडकलेले असतात.