अठ्ठावन्न ग्रेड

म्हापशाच्या बाजारात, चणेकाराच्या डोक्यावर,
दुसऱ्या मजल्यावर बसतो आग्नेल फुर्तादो.
त्याने माझ्या कॉम्प्युटरची कुंडली मांडली
बिलाच्या उलट्या बाजूस:
नवं ग्राफिक्स कार्ड घालशील
तर हा पॉवर सप्लाय ते ओढणार नाही,
तो बदललास तर प्रोसेसर मागे राहणार,
प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड जुन्या पिढीचा,
आणि मदरबोर्ड नवा म्हणजे रॅमही नवी.
"बाटली केवढीही मोठी आण, पात्रांव,
मान अरुंद ती अरुंदच,
फेणी थेंबानेच पडणार."
एकेचाळीस हजार. किंवा सगळाच नवा, अठ्ठ्याऐंशी.
मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.
चाळिशीतल्या माणसाने खेळण्यासाठी
घरी कुणाला विचारायचं असतं,
हे त्याने तोंडाने विचारलं नाही.

म्हणजे खेळतो मीही. कुंडईच्या फॅक्टरीतून आल्यावर
रात्री अकरानंतर एखादा किल्ला घेतो, हरतो, झोपतो.
खरा खेळतो तो बाबा.
दुपारची पेज जेवून, अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल,
स्टिअरिंग टेबलाला आवळतो
आणि सोळा चाकी ट्रक हाकतो
कुठल्याशा बर्फाळ देशात
जिथे कुणी हॉर्नच वाजवत नाही.
याचं त्याला अजून नवल वाटतं.
वळण आलं की खिडकीबाहेर हात काढतो.
खिडकी नाही तिथे, कपाट आहे.
कोपर कायम खरचटलेलं.

खाणी बंद पडल्या तेव्हा
आमच्या डिचोलीच्या दारात टिपर उभा राहिला
तो तीन पावसाळे उभाच.
आधी टायर गेले, मग बॅटरी,
मग केबिनमध्ये मांजर व्याली.
तेव्हाही अशीच आकडेमोड चालायची जेवताना:
इंजिन बांधून घ्यायचं, की काढून टाकायचा?
बांधला असता. पण भरायला माल कुठे होता?
शेवटी किलोवर गेला.
बाबा त्या सकाळी दाढी करायला म्हणून गेला
तो दिवे लागल्यावर आला.

कॉम्प्युटर त्याच टिपरच्या शेवटच्या बऱ्या वर्षातला.
हल्ली घाट आला की स्क्रीन अडखळते,
एक सेकंद, कधी दीड.
तेवढ्यात बाबाचा डावा पाय फरशी दाबतो,
हात गिअर शोधतो, मान पुढे येते.
मी म्हटलं, बाबा, हा बिघाड आहे.
नव्यात असं होणार नाही.
"मग चढ कळणार कसा?"

रविवारी, चवथ तोंडावर आलेली,
माटोळीसाठी टेबल हलवायचंच होतं,
म्हणून कॅबिनेट उघडलं.
खाली वर्तमानपत्र पसरलं, ब्रशने पंखा झाडला.
धूळ पडली ती राखी नव्हे, काळी नव्हे.
तांबडी.
बाबा उकिडवा बसला. चिमूट घेतली, चोळली,
नाकाशी नेली.
"अठ्ठावन्न ग्रेड. पिसुर्ल्याचा.
सांखळीच्या मालाला हा चिकटपणा नाही."
म्हणजे एवढी वर्षं
एक खाण माझ्या पंख्यात चालू होती,
परवान्याशिवाय.

झाडल्यावर मशीन सहा डिग्री थंड झालं.
घाटात अजून अडखळतं, पण जरासंच;
बाबाचा पाय अर्ध्यावर थांबतो, चुकल्यासारखा.

सोमवारी आग्नेलला फोन केला:
डबा तोच ठेव, बटण तेच.
आत काय घालायचं ते घाल, हप्त्यांवर.
"म्हणजे अपग्रेड लिहू, की नवा?"
त्याला बिलावर काहीतरी लिहायला हवं होतं.
थांब, म्हटलं, आणि फोन घेऊन मागच्या दारी गेलो.

बाबा वर्तमानपत्राची पन्हळ करून
ती धूळ जास्वंदीच्या बुंध्याशी ओतत होता.
"लोखंड असतं," म्हणाला, "तिला चालतं.
आणि त्या फुर्तादोला आधी
चढाचं विचार."